चौथा भिडू

वडिलांनी सत्तावीस वर्षं धामणगाव ते बडनेरा अपडाऊन केलं. संध्याकाळी ते घरी आले की आई त्यांचा दुपट्टा अंगणात झटकायची आणि कधीमधी त्यातून पत्त्याचं एखादं पान पडायचं. किलवरची दुर्री, नाहीतर बदामाची पंजी. वडील ते लगेच उचलून सदऱ्याच्या खिशात घालायचे. मेंढीकोटाच्या खेळाला बावन्न पानं लागतात आणि उद्या सकाळी गाडीच्या डब्यात एक्कावन्नच निघाली असती. ते पान डब्याचं होतं, रात्रीपुरतं आमच्या घरी मुक्कामाला आलेलं.

स्टेशनाच्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानासमोरच्या बाकड्यावर पोरं बसतात, मोबाइलवरच्या खेळात चौघांचा स्क्वाड लावतात. तिघंच असले तर खेळ आपणहून कुठूनतरी चौथा आणून देतो. त्या चौथ्याला पोरं ‘रँडम’ म्हणतात. ‘‘रँडम आहे बे, मरू दे त्याले,’’ हे वाक्य माझ्या कानावर रोज पडतं आणि प्रत्येक वेळी मला तो दुपट्टा आठवतो. अनोळखी चौथ्याला जागा करून देण्याची एक रीत आमच्या या गावात होती. ती कुठून आली आणि कुठे गेली, हे मला लिहून ठेवायचं आहे.

धामणगावच्या नावातच रेल्वे आहे, शेजारच्या चांदूरसारखी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६७ साली नागपूरला पोचली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी जमीन फार महत्त्वाची वाटू लागली. रूळ आले आणि पुढे स्टेशनांभोवती जिनं आणि प्रेस उभ्या राहिल्या. यवतमाळ रुळापासून एकोणतीस मैल आत. तिकडची माणसं आणि तिकडचा कापूस सडकेनं धामणगावला यायचा. दत्तापूर आणि धामणगाव मिळून बाजारपेठ झाली. जनगणनेच्या कागदांवर शहराचं नाव दत्तापूर धामणगाव असंच लागतं. गावाच्या वाढीला कारणच मुळी येणारा-जाणारा. पेढीवाला बाहेरून आलेला, स्टेशनमास्तर बदलीवर आलेला, जिनातला मजूर मोसमापुरता आलेला, कापसाची बंडी घेऊन येणारा शेतकरी रात्रीपुरता. अशा ठिकाणी परक्या माणसाशी कसं वागायचं हे ठरवल्याशिवाय एक दिवससुद्धा निभत नाही.

माझे आजोबा त्या रात्रीपुरत्या माणसांपैकी. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खरेदी केंद्रांपुढे बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. एक रात्र, कधी दोन, कधी त्याहून जास्त. बैल सोडून बांधायचे, कडबा टाकायचा, शिदोरी सोडायची आणि वाट पाहायची. पुढच्या बंडीवरचा कोण, मागच्या बंडीवरचा कोण, काही ठाऊक नसे. आजोबा सांगायचे, पत्ते मांडले की आजूबाजूच्या चार बंड्यांचे चौघं बसायचे. निवड अशी नसायचीच. तुझी बंडी जिथं उभी राहिली तिथला तू गडी. खेळता येत नसेल तर शिकवायचं, कारण दुसरा माणूस आणायचा कुठून? आणि रांग सरकली की डाव तसाच पालथा घालून त्यावर दगड ठेवायचा, चौघांनी मिळून चारही बंड्या पुढे घ्यायच्या, मग परत येऊन दगड उचलायचा. दगडाखालच्या पानांना कोणी हात लावला आहे असं आजोबांनी कधी सांगितलं नाही. रात्री एखाद्याला गाढ झोप लागली तर त्याची बंडी बाकीचे तिघं पुढे न्यायचे आणि त्याला उठवायचेही नाहीत. सकाळी तो माणूस वेगळ्याच जागी जागा व्हायचा.

वडिलांची पिढी बंडीवरून डब्यात आली. रीत सोबत आली, पण डब्यात तिला फार बारकावे फुटले, म्हणून इथं मी जरा थांबणार आहे.

धामणगावहून बडनेऱ्याकडे निघालं की दिपोरी, चांदूर, मालखेड, टिमटाळा अशी स्टेशनं लागतात. उलट दिशेला तळणी, मग वर्धा नदीचा पूल आणि पुलगाव. पॅसेंजरमध्ये शिक्षक असायचे, कोर्टातले कारकून, बँकेतले, दवाखान्यातल्या नर्सबाई, पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत जाणारे, दुधाच्या कॅन घेतलेले. समोरासमोरच्या दोन बाकांवर चौघं बसले की मधे दुपट्टा ताणायचा, चार टोकं चौघांच्या गुडघ्यांखाली दाबायची. तोच पाट. भिडू समोर, शेजारचा विरुद्ध बाजूचा. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. चारांपैकी तीन मेंढ्या पकडल्या की डाव जिंकला, चारही पकडल्या की कोट. तेरा हातांचा एक डाव साधारण एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत पुरायचा, थोडा कमी, थोडा जास्त.

तिघं बसलेले असले आणि दारात एखादा अनोळखी उभा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘‘कुठलोक जाता भाऊ?’’

नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. कुठपर्यंत. ‘‘चांदूरलोक,’’ असं उत्तर आलं तर ‘‘मंग बसा, दोन डाव होतात.’’ या एका प्रश्नात केवढं शहाणपण होतं ते मला फार उशिरा कळलं. माणूस किती वेळ सोबत आहे एवढंच खेळाला कळायला हवं असतं. ते आधी कळलं की त्याच्या उतरण्याचा कोणाला राग येत नाही.

उतरण्याचीही रीत होती. डाव अर्धा असताना स्टेशन आलं तर पानं टाकून उठायचं नाही. उभ्या असलेल्यांपैकी कोणाला तरी ‘‘माझा हात घ्या’’ म्हणायचं आणि पानं पालथी त्याच्या हातात द्यायची. घेणारा ती पानं जशी असतील तशी खेळायचा. वाईट हात दिला म्हणून कुरकुर नाही, हुकमाचा एक्का दिला म्हणून उपकार नाही. वडिलांनी एकदा मला सुट्टीत सोबत नेलं होतं, मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मालखेडला एक म्हातारे गुरुजी उतरले आणि त्यांनी आपली पानं माझ्या हातात दिली. डब्यातल्या कोणीही ‘‘अरे, पोराले कायले देता’’ असं म्हटलं नाही. मी चुकीचं पान टाकलं, आमची मेंढी गेली. माझ्यासमोर बसलेला भिडू, डेपोतला एक जाडजूड माणूस, पानांकडेच बघत म्हणाला, ‘‘चालते, अजून तीन आहेत.’’ डाव संपल्यावर, टिमटाळ्याच्या आधी, त्यानं मला माझी चूक समजावून सांगितली. आधी नाही. चालू डावात भिडूला बोल लावायचा नाही, हा डब्यातला सगळ्यात कडक नियम होता. इशारे करायचे नाहीत, अनोळखी माणसासोबत पैशांवर खेळायचं नाही, हरलेल्यानं पिसायचं आणि वाटायचं, हे नियम त्याच्या खालचे.

नावं फार कमी लोकांना माहीत असत. चांदूरवाले, डेपोवाले, टिमटाळ्याचे मास्तर. वडील सेवानिवृत्त झाले तेव्हा ज्यांच्यासमोर ते अकरा वर्षं भिडू म्हणून बसले त्या चांदूरवाल्यांचं खरं नाव त्यांना पहिल्यांदा कळलं, कारण त्या दिवशी डब्यात शाल-नारळ झाला आणि कोणीतरी नावानं बोलावलं. आजची पोरं खेळात खऱ्या नावानं नसतात म्हणून मोठी माणसं हळहळतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही. आमचा डबासुद्धा टोपणनावांवरच चालायचा.

मैदानावरचं थोडं सांगतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. त्यांच्याच पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, कबड्डीसुद्धा दाखवली. त्या वाऱ्यामुळे आमच्या भागातल्या शाळांच्या मैदानांवर हुतुतू-कबड्डी मुरलेली. कबड्डीचे जुने तीन प्रकार : संजीवनी, गामिनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला भिडू बाहेरच बसतो. संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होतो. आम्ही पोरं संजीवनीच खेळायचो, आणि मेलेला गडी रेषेबाहेर बसून ‘‘मला जिवंत करा रे’’ म्हणून ओरडत असायचा. पुढे पबजी या मोबाइलवरच्या खेळात पडलेल्या गड्याला दहा सेकंद गुडघे टेकून उठवताना पाहिलं तेव्हा मला ते नवं वाटलंच नाही. आणखी एक : रेल्वे क्वार्टरमध्ये बदलून आलेल्या लहानग्याला आम्ही कच्चं लिंबू म्हणून घ्यायचो. तो धावेल, पकडेल, ओरडेल, पण त्याच्या बाद होण्याचा गुण धरायचा नाही. ज्याला खेळता येत नाही त्याला खेळात ठेवण्यासाठी केवढी सुंदर सोय! आज त्याच मुलाला ‘नूब’ म्हणून हाकलतात. त्या शब्दानं माझ्या पोटात कालवतं.

सायबर कॅफेचा काळ छोटा होता. २००४-०५ च्या सुमारास मी एका कॅफेत काम करायचो. सहा कॉम्प्युटर, तासाला वीस रुपये, एकमेकांना जोडलेल्या वायरी आणि सगळ्यांवर काउंटर-स्ट्राइक. तिथंही अनोळखी यायचे. कॉलेजात शिकायला आलेली बाहेरगावची पोरं. पण मारणारा आणि मरणारा एकाच खोलीत, तीन फुटांवर. शिवी दिली तर देणाऱ्याला मान वळवून बघता यायचं. लोडशेडिंगनं लाइट गेली की सहाही स्क्रीन एकदम काळे, सहाही पोरं बाहेर ओट्यावर, जिंकणारे आणि हरणारे एकाच चहाच्या टपरीवर. त्या काळोखात कित्येक ओळखी झाल्या.

जगात मात्र वेगळंच काही घडत होतं, आणि ते मी तेव्हाच कॅफेतल्या फावल्या वेळात वाचायला लागलो. दूरदूरच्या अनोळखी माणसांनी एकाच खेळात उतरण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाला, १९७८ मध्ये. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी केलेल्या ‘मड’ नावाच्या खेळात नुसते शब्द होते, चित्र नव्हतं. पुढे २००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्यात अवघड गुहेत उतरायला पाच जण लागायचे, आणि ते जमवायला खेळातल्या चौकात उभं राहून हाका माराव्या लागायच्या. एका सर्व्हरवरची माणसं पुन्हापुन्हा भेटायची. कोणी लुटीतला वाटा चोरला, कोणी अर्ध्यातून पळाला, तर दुसऱ्या दिवशी चौकात त्याला कोणी सोबत घ्यायचं नाही. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीनं एक बटण दिलं. ते दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी आपोआप एकत्र येऊ लागले. सोय मोठी झाली. पण वीस मिनिटांनी पांगलेले ते पाच जण पुन्हा बहुधा भेटणारच नव्हते, आणि जुने खेळाडू तेव्हापासून सांगत आले की त्या बटणानंतर ‘राम राम’ म्हणणंसुद्धा संपलं.

हे वाचलं तेव्हा मला वडिलांचा डबा उलगडला. डब्यातली माणसं स्वभावानं आजच्यापेक्षा चांगली होती असं मी मानत नाही. त्यांतले काही घरी तापट होते, काही कचेरीत कडू होते. पण त्यांना ठाऊक होतं की उद्याही हीच गाडी आहे. हा मनुष्य उद्या चांदूरला चढेल आणि समोर बसेल. भिडूला बोल न लावणं, हात देऊन उतरणं, दुपट्ट्यातलं पान परत आणणं, हे सगळं उद्याच्या गाडीनं शिकवलेलं होतं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. माझ्या दुकानापुढे आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतलेली माणसं उभी राहिली. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला आणि बाकडं भरलं. शंभर जण विमानातून उतरतात, चौघांचा एक स्क्वाड, शेवटी एकच उरतो. पोरं खेळायला फार पटकन शिकली. वागायला शिकवणारं कोणी नव्हतं. अनोळखी चौथा पडला तर त्याला उठवायच्या आधी त्याच्या सामानाच्या पेटीवर डोळा. तो जीपपाशी पोचेपर्यंत थांबायचं नाही. माइकवर तो वेगळ्या बोलीत बोलला की हसायचं; बाईचा आवाज आला की आणखी वाईट. मी दोन-तीनदा दुकानातून उठून पोरांना रागावलो. रागावून काही होत नाही हेही कळलं.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या. रुळांवर प्रवाशांची वर्दळ नाही असं धामणगाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वडिलांनी त्या महिन्यांत चांदूरवाल्यांसोबत फोनवर ल्युडो किंग खेळायला घेतला. नवी मुंबईतल्या कंपनीनं केलेला तो खेळ तेव्हा घराघरांत होता. दोघं दुसऱ्या फोनवरून एकमेकांशी बोलत आणि या फोनवर फासे टाकत. सोंगटी मारण्याआधी वडील ‘‘घेऊ का?’’ असं विचारत. मग २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. बाकडं ओस पडलं. २ जुलै २०२१ ला तोच खेळ बीजीएमआय नावानं परतला, २८ जुलै २०२२ ला पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला.

कंपन्यांनाही उद्याची गाडी नसल्याची अडचण कळली होती. म्हणून त्यांनी खोटी का होईना, एक उद्याची गाडी तयार केली. ‘लीग ऑफ लेजंड्स’नं २०१२ मध्ये सोबतच्या खेळाडूला मानाचा शेरा देण्याची सोय काढली, ‘ओव्हरवॉच’नं २०१८ मध्ये तसंच काही केलं. पबजीत मेरिटचे गुण आले : आपल्याच भिडूला मारलं, खेळ सोडून बसला, तक्रारी आल्या, तर ते घसरतात. २०१९ च्या ‘एपेक्स लेजंड्स’नं तर बोटाच्या एका टिचकीनं ‘इथं शत्रू आहे’, ‘इथं तुझ्या कामाची वस्तू आहे’ असं दाखवायची खूण दिली, म्हणजे भाषा येत नसली तरी तिघांचं जमतं. मला हे सगळे उपाय मनापासून आवडतात. तरी गुण घसरतील या भीतीनं दिलेलं औषध आणि ‘‘चालते, अजून तीन आहेत’’ यांत अंतर आहेच.

माझी चूक सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. बीजीएमआय आल्यावर मीही दुपारच्या रिकाम्या वेळात खेळू लागलो होतो. एके दिवशी चौघं अनोळखी, त्यात एक मराठी आवाज. आम्ही शेवटच्या वीस जणांत होतो आणि एक गिऱ्हाईक डिस्प्ले फुटलेला फोन घेऊन आलं. मी माझा फोन पालथा ठेवला आणि कामाला लागलो. दहा मिनिटांनी उचलला तेव्हा खेळ संपला होता. मागचं पाहिलं तर मी उभा होतो तिथं तो मराठी आवाजाचा मुलगा परत आला होता. मी पडलो, त्यानं माझ्याभोवती धूर सोडला, दहा सेकंद बसून मला उठवलं. मी पुन्हा पडलो. तो पुन्हा बसला, आणि तिथंच मेला. खाली एक ओळ लिहिलेली होती : ‘भाऊ, सांगून जायचं ना.’ त्याला शोधून माफी मागावी म्हणून मी पुष्कळ धडपडलो, पण आयडीमधल्या चिन्हांचा मेळ लागला नाही. सत्तावीस वर्षं ज्या घरात हात देऊन उतरण्याची रीत पाळली गेली त्या घरातला मी, पानं टाकून उठलो होतो. ती दुपार मला अजून बोचते.

तेव्हापासून विमानात असतानाच मी माइकवर सांगतो : मी दुकानात आहे, गिऱ्हाईक आलं तर उठावं लागेल, माझी गोळी-औषधं आधीच वाटून घ्या. बाकड्यावरच्या पोरांनी हे ऐकलं. त्यातल्या दोघा-तिघांनी उचललंही. एक जण ‘‘आईनं हाक मारली तर जाईन’’ असं सांगूनच सुरुवात करतो. दुसऱ्यानं अनोळखी चौथ्याला ‘रँडम’ म्हणणं सोडलं, ‘चौथा’ म्हणतो.

वडील आता दुपारचे दुकानात येऊन बसतात. त्यांना खेळातलं काही कळत नाही, फोनचा लहान पडदा धड दिसतही नाही. परवा मी खेळत होतो, सोबत तिघं अनोळखी. मी माझं ठरलेलं वाक्य सांगितलं. पलीकडून वऱ्हाडीत उत्तर आलं, ‘‘चालते नं भाऊ, जाशीन तं सांगून जाजो.’’ वडिलांनी मान वर केली. ‘‘कुठचा हाय?’’

‘‘मूर्तिजापूरचा म्हणते.’’

ते खुर्ची सरकवून माझ्या खांद्याशी आले. मागून निळा घेर सरकत येत होता, मला जीप सापडली होती, दोघं चढले होते, मी गाडी काढली. वडिलांनी चष्मा वर केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका इवल्या आकृतीवर बोट ठेवलं.

‘‘थांब, तो एक मांगून पयत येऊन रायला.’’

मी ब्रेक दाबला.